‘पुन्हा तसंच वाजव’ : मुलांनी स्वतःच्या चाली बांधल्या त्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळेबाहेर भरणारा एक छोटा संगीतवर्ग. आठवड्यातून एकदा, एक तास. मुलं १६, वयं ८ ते ११. बहुतेक जण दोनेक वर्षं गाणं शिकत होते. अलंकार पाठ, हाताने ताल धरता येत होता, आणि बसवलेली गाणी बिनचूक म्हणता येत होती. गाणं शिकवणाऱ्या ताई आणि तबला-कीबोर्ड सांभाळणारा एक दादा असे दोघं मिळून वर्ग चालवत. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत. ताई मला नियमित टिपणं आणि ध्वनिमुद्रणं पाठवत होत्या, काही तासांना मी मागे बसूनही होतो, त्यामुळे हे सगळं जवळून पाहता आलं.

त्या वर्षी ताईंच्या मनात आलं की वर्षअखेरीच्या कार्यक्रमात मुलांनी फक्त शिकवलेली गाणी म्हणू नयेत, प्रत्येकाने एक छोटी का होईना, स्वतःची चाल वाजवावी किंवा गावी. कारण साधं होतं. चित्रकलेच्या वर्गात मूल पहिल्या दिवसापासून स्वतःचं चित्र काढतं, आणि कुणी त्याला ‘आधी दोन वर्षं जुन्या चित्रकारांच्या नकला कर’ असं सांगत नाही. गाण्याच्या वर्गात मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याचंच गायचं, हे आपण गृहीत धरून चालतो.

हाताशी १२ तास होते. साधनं म्हणजे दोन कीबोर्ड, पट्ट्या काढता येणारे चार झायलोफोन, डफल्या, खुळखुळे, ताईंची पेटी आणि मुलांचे गळे.

अडचण

पहिल्या तासाला ताईंनी सांगितलं, “आज तुम्हाला हवी ती चाल बनवा.” पुढची २० मिनिटं खोलीत नुसता कल्लोळ होता. त्यानंतर एकेकाला पुढे बोलावलं. काहींनी ऐकलेल्या जाहिरातींच्या, सिनेमांच्या धुना थोड्या वाकवून वाजवल्या. काही जण “मला नाही येत” म्हणून जागचे हललेच नाहीत. उरलेल्यांनी जे वाजवलं त्यातलं काही फार गोड होतं. ताई खूश होऊन म्हणाल्या, “वा, पुन्हा वाजव बरं.” आणि मुलाने भलतंच काहीतरी वाजवलं.

दुसऱ्या तासाला हेच. ताईंनी टिपणात लिहिलं: ‘मुलांकडे कल्पना नाहीत. ऐकलेलंच बाहेर येतं.’

योगायोगाने दादाने फोनवर त्या दोन्ही तासांचं मुद्रण करून ठेवलं होतं. तिघांनी बसून ते ऐकलं, तेव्हा चित्र उलटं निघालं. एका ९ वर्षांच्या मुलाने दोनेक मिनिटांत झायलोफोनवर पाच वेगवेगळी वळणं घेतली होती. त्यातलं एक तर कुणाही मोठ्या माणसाने ठेवून घ्यावं असं होतं. पण ते एकदाच वाजलं आणि गेलं. त्याने ते ठेवलं नाही, कारण आपण काहीतरी ठेवण्यासारखं वाजवलं हे त्याला कळलंच नव्हतं. ‘नाही येत’ म्हणणाऱ्या मुलीही कोपऱ्यात बसून गुणगुणत असल्याचं मुद्रणात स्पष्ट ऐकू येत होतं.

म्हणजे कल्पनांचा तुटवडा नव्हता. अडचण दोन ठिकाणी होती: वाजलेलं लक्षात ठेवणं, आणि वाजलेल्यातून काय ठेवायचं ते निवडणं. मनाला येईल ते वाजवत जाणं आणि चाल बांधणं यांच्यामधली सीमा माझ्या मते इथेच आहे. जे पुन्हा तसंच वाजवता येतं, त्यातच जाणून बदल करता येतो. जे हवेत विरून गेलं त्यात काय सुधारणार?

संगीतशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक जॉन क्रॅटस यांनी १९८९ साली हेच मोजून पाहिलं होतं. ७, ९ आणि ११ वर्षांच्या एकूण ६० मुलांना त्यांनी कीबोर्डवर चाल बांधायला प्रत्येकी १० मिनिटं दिली आणि शेवटी ती दोनदा वाजवायला सांगितली. सात वर्षांच्या मुलांचा बहुतेक वेळ नवं नवं शोधण्यात गेला. मोठ्या मुलांनी सापडलेलं घोळवलं, पुन्हा वाजवलं, थोडं बदललं. ताईंच्या वर्गात अशी दोन्ही प्रकारची मुलं एकाच सतरंजीवर बसलेली होती, हे त्या मुद्रणानंतर पहिल्यांदा जाणवलं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय ताईंना सगळ्यात जवळचा होता: आधी शास्त्र पक्कं करायचं. भातखंडे लिपी, म्हणजे हिंदुस्थानी संगीत लिहून ठेवायची पद्धत, शिकवायची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राच्या (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तारसप्तकाच्या (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेची खूण. लिहिता आलं की लक्षात ठेवण्याचा प्रश्न मिटेल, असा हिशेब. तो चुकीचा नाही. पण लिपी शिकण्यातच १२ तास संपले असते, आणि लिहून ठेवावं असं काही हातात नसताना लिपी शिकणारं मूल ती परीक्षेपुरतीच शिकतं.

दुसरा पर्याय, शब्द द्यायचे. चार ओळींची कविता द्या आणि चाल लावायला सांगा. हा मार्ग जुना आणि मोहात पाडणारा आहे, कारण शब्दच लय देतात आणि शब्दच आठवण ठेवतात. दोन मुलांवर करून पाहिलं. दोघांनीही शाळेत कविता म्हणायची जी एक ठरलेली डुलती चाल असते, तीच लावली. अष्टाक्षरी ओळ हाती पडली की मराठी मूल त्या चालीत आपोआप घसरतं, मोठेही घसरतात. शब्द पुढे कधीतरी येऊ शकले असते. सुरुवात त्यांच्यापासून केली असती तर चाल मुलांनी निवडली असं म्हणता आलं नसतं.

तिसरा, संगणक. पडद्यावर चौकटींचा तक्ता असतो, चौकट रंगवली की स्वर वाजतो, आणि केलेलं साठवता येतं. म्हणजे आठवणीचा सगळा भार यंत्रावर. दादाचा कल इकडे होता. त्याने घरी भाच्यावर प्रयोग केला. भाच्याने तक्त्यावर आधी घर काढलं, मग बदाम काढला आणि नंतर ते कसं वाजतंय ते ऐकलं. डोळ्यांनी काढलेली नक्षी कानाला बरी लागू शकते, पण निवड कानाने केलेली नसते. शिवाय असा तुकडा फिरून फिरून वाजत राहतो, त्यामुळे शेवट कुठे आणि कसा करायचा हा प्रश्न मुलाला पडतच नाही. आणि चाल बांधताना सर्वांत अवघड काय असेल तर तो शेवट.

चौथा पर्याय, बेत सोडून द्यायचा आणि गाणी बसवायची. तो एका तासापुरता गंभीरपणे चर्चेत होता.

पाचवा, कुंपण घालायचं. थोडे स्वर, थोड्या मात्रा, आणि एकच अट. हा निवडला.

काय केलं

झायलोफोनवरून म आणि नि च्या पट्ट्या काढून टाकल्या. उरले सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे स्वर. कीबोर्डवर तर काहीच करावं लागलं नाही, नुसत्या काळ्या पट्ट्या वापरल्या तरी पाच स्वरांचं सप्तक मिळतं. ही युक्ती नवी नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमान यांनी मुलांसाठी सुटणाऱ्या पट्ट्यांची वाद्यं वापरली ती याच विचाराने. ग-म आणि नि-सा या जोड्यांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर असतं, आणि मुलाला चुकल्यासारखं वाटतं ते बहुधा तिथे. म आणि नि काढले की कुठलाही स्वर कुठल्याही स्वरानंतर, अगदी एकाच वेळी वाजला तरी बोचत नाही. ‘चुकलं’ ही भीती गेली की मूल ऐकायला मोकळं होतं.

लांबी ८ मात्रांची. दादा तबल्यावर सावकाश केरवा धरून बसायचा. आणि अट एकच: दोनदा तसंच वाजलं पाहिजे. तपासणार ताई नाहीत, शेजारी बसलेला जोडीदार. सगळी मेख या अटीत होती. जोडीदाराला नीट ऐकावंच लागायचं, कारण “आधी वर गेला होतास, आता खाली आलास” हे त्याने सांगायचं होतं. वाजवणाऱ्याला थोडकं वाजवावं लागायचं, कारण जास्त वाजवलं की आठवत नसे. पहिल्याच दिवशी मुलांनी आपणहून चाली छोट्या केल्या. १५ स्वरांचा पसारा ६-७ स्वरांवर आला. ‘कमी वाजवा’ असं कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या तासाला कागद दिले. भातखंडे लिपी नाही, तुम्हाला पुढच्या आठवड्यात वाचता येईल असं काहीही लिहा, एवढंच. कुणी स्वरांची अक्षरं लिहिली, कुणी चढ-उताराची रेघ काढली, एकीने पट्ट्यांचे रंग भरले. आठवड्यानंतर कागद उघडले तेव्हा बऱ्याच जणांना स्वर वाचता आले, पण कुठला किती वेळ धरायचा ते कळेना. तेव्हा ताईंनी फळ्यावर लांबवलेल्या मात्रेसाठी छोटी आडवी रेघ काढून दाखवली, भातखंडे लिपीत असते तशी. ती सगळ्यांनी लगेच उचलली. गरज पडल्यावर आलेली खूण शिकवावी लागली नाही.

मग नियम आला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेवटचा स्वर लांबवा. किंवा पहिल्या चार मात्रा तशाच ठेवून दुसऱ्या चार उलट्या वाजवा. किंवा एक मात्रा रिकामी सोडा. रिकाम्या मात्रेची मुलांना जी गंमत वाटली ती मला अपेक्षित नव्हती. एका ८ वर्षांच्या मुलीने सहावी मात्रा गाळली आणि तिच्या जोडीदाराने दर वेळी तिथे मान हलवून दाद दिली. त्यानंतर दोन आठवडे प्रत्येक चालीत कुठे ना कुठे भोक पडलेलं होतं.

निर्णयाच्या जागा

रे वर थांबलेली चाल. सुरुवातीच्या मुद्रणातला तो पाच वळणांचा मुलगा. त्याची चाल झाली होती सा रे ग प, ग – रे –. सुंदर, आणि अर्धवट लटकलेली. ताईंचा हात सवयीने पेटीवर गेला आणि त्यांनी शेवटी सा जोडून वाजवून दाखवलं. “बघ, आता पूर्ण झाली.” मुलगा म्हणाला, “हो, छान.” पुढच्या आठवड्यात तो दुसरीच चाल करत बसला होता. जुनी कुठे गेली विचारल्यावर म्हणाला, “ती ताईंची आहे ना.”

त्यावर ताई आणि दादा यांच्यात बराच वाद झाला. दादाचं म्हणणं, मुलांच्या चालीला हात लावायचाच नाही. ताईंचं म्हणणं, मग आम्ही तिथे कशाला? सा वर येणं म्हणजे घरी येणं, हे त्याला कुणी दाखवायचं? दोघांचंही बरोबर होतं असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण उद्याच्या तासाला काहीतरी ठरवायलाच हवं होतं. ठरलं असं: वाद्याला हात लावायचा नाही, पण प्रश्न विचारायचा आणि पर्याय ऐकायला लावायचा. पुढच्या वेळी ताईंनी त्याला विचारलं, “एकदा रे वर थांबव, एकदा सा वर. दोन्हींत तुला काय वेगळं ऐकू येतं?” त्याने दोन्ही वाजवलं. म्हणाला, “सा वर संपते. पण माझी संपत नाहीये, ती अजून शोधतेय.” रे कायम राहिला.

इथे महत्त्वाचं हे की त्याने सा ऐकला, आणि मग नाकारला. पहिल्या वेळी रे हा नुसता घडून गेलेला होता. दुसऱ्या वेळी तो निवडलेला होता. ‘मुलांना मोकळं सोडा’ म्हणणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो. मुलाने पर्याय ऐकलाच नसेल तर त्याने निवड केली असं कसं म्हणणार? आणि ताईंच्या कानाला जे खटकलं ते तसं परकंही नव्हतं. देस रागात त्या स्वतः रे वर किती निवांत थांबतात! फक्त तो न्यास, म्हणजे स्वरावरचा थांबा, परंपरेने दिलेला असतो, म्हणून तो ‘अपूर्ण’ वाटत नाही.

उसनी चाल. १० वर्षांच्या एका मुलीची चाल म्हणजे सरळ सरळ एका जाहिरातीची धून होती, पाच स्वरांत बसवलेली. वर्गातला एक मुलगा ओरडला, “कॉपी!” तिचा चेहरा पडला.

कीथ स्वॉनविक आणि जून टिलमन यांनी १९८६ साली मुलांच्या रचनांचा अभ्यास मांडला. त्यात त्यांना दिसलेला एक टप्पाच असा आहे की मुलं सभोवतालच्या संगीतातली ठरीव वळणं उचलतात आणि त्यांतच रचना करतात. ती चोरी नसते, भाषा शिकण्याची रीत असते. हे ताईंना पटलेलं होतं. पण रडवेल्या मुलीसमोर ते पटवायचं कसं? दादाने त्या धुनेची नुसती लय टाळीवर वाजवली आणि वर्गाला येणाऱ्या गाण्यांत ती आणखी कुठे आहे ते शोधायला सांगितलं. मुलांनी तीन गाणी काढली. मग ताईंनी मुलीला विचारलं, “यातलं तुला सोडवत नाही असं काय आहे?” ती म्हणाली, लय. तिने लय ठेवली आणि स्वर बदलले.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात पुढच्या आठवड्यात तिने ती चाल मागे घेतली आणि दुसरी केली. दुसरी निर्दोष होती आणि तिच्यात जीव नव्हता. ‘कॉपी’ हा शब्द एकदा खोलीत पडला की तो उचलून बाहेर टाकता येत नाही. या प्रसंगाचा शेवट नीट झाला असं मला वाटत नाही.

पालकांची तक्रार. सातव्या आठवड्याच्या सुमारास एका आईने विचारलं, “इतके दिवस झाले, नवीन गाणं एकही नाही?” बाई गाणं शिकवायचे पैसे भरत होत्या आणि घरी मूल आठ मात्रांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होतं. तक्रार रास्त होती. ताईंनी तास विभागला: २५ मिनिटं चाली, उरलेला वेळ गाणं. दादाला ही माघार वाटली. पण झालं भलतंच. नवीन गाणं शिकताना मुलं विचारायला लागली, “ही ओळ दोनदा का येते?”, “अंतरा वरून का सुरू होतो?” ज्याने स्वतः काही बांधलं आहे तो दुसऱ्याचं बांधकाम बघायला लागतो. ही वाटणी पहिल्या दिवसापासून असती तर बरं झालं असतं.

चौघांचा गट. कार्यक्रमात १६ वेगळे तुकडे फार लांबतील म्हणून दोन-दोन जोड्या एकत्र केल्या आणि गटाने मिळून एक रचना करावी असं सांगितलं. हा निर्णय सपशेल फसला. चौघांत ज्याचा आवाज मोठा त्याची चाल राहिली, किंवा भांडण नको म्हणून चारही तुकडे एकापुढे एक जोडले गेले. एका गटाने स्पष्ट सांगितलं, आम्हाला परत जोडीत जायचंय. ताईंनी सगळ्यांनाच परत जोडीत बसवलं, आणि कार्यक्रमाच्या यादीतून दोन बसवलेली गाणी कमी केली. मधले दोन तास गेले ते गेले.

साथ किती. शेवटच्या तालमींत दादाने कीबोर्डवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, भरायला सुरुवात केली. अचानक सगळं भरदार, कार्यक्रमात शोभेल असं वाटू लागलं. पण रे वर थांबणारा मुलगा दर वेळी शेवटी अडखळायला लागला. कॉर्ड त्याच्या चालीला घरी ओढत होता. तेव्हा कॉर्ड काढून फक्त सा-प चा तानपुरा आणि हलका ठेका ठेवला. षड्ज-पंचमाच्या त्या सतत चालणाऱ्या सुरावर त्याचा रे असा काही तरंगला की ताईच म्हणाल्या, “इथे सा नकोच.”

परिणाम

कार्यक्रमाच्या वेळी १३ मुलांकडे स्वतःची अशी चाल होती, जी कुणाच्याही मदतीशिवाय दोनदा तशीच वाजवता किंवा गाता येत होती. दोघांनी मिळून एकच चाल केली होती आणि ती वेगळी करायला ते तयार नव्हते. एका मुलीची चाल तयार होती, पण तिला ती लोकांसमोर वाजवायची नव्हती. तिला आग्रह केला नाही.

श्रोत्यांमध्ये टाळ्या पडल्या, त्या आपल्या मुलांना पडतात तशाच. त्यावरून काही ठरवू नये. वर्गात टिकलेला बदल वेगळा होता. मुलं एकमेकांचं ऐकून नेमकं बोलू लागली. ताईंनी चालींबद्दल बोलताना ‘छान’ हा शब्द बंद केला होता, त्याऐवजी ‘मला काय ऐकू आलं’ ते सांगायचं. सुरुवातीला शांतता पसरायची, नंतर “शेवटी तू घाई केलीस”, “ध एकदाच आला म्हणून लक्षात राहिला” अशी वाक्यं यायला लागली. लयही सुधारली, कारण ठेक्यावर स्वतःची चाल सांभाळायची म्हणजे लय धरावीच लागते. गाण्यातल्या सुरेलपणात मात्र काही फरक पडला नाही. तो रियाजानेच येतो, आणि या तासांत रियाज कमी झाला होता.

वेगळं काय करता आलं असतं

मुद्रण पहिल्या दिवसापासून आणि ठरवून व्हायला हवं होतं. ते योगायोगाने झालं नसतं तर ‘मुलांकडे कल्पना नाहीत’ या निष्कर्षावर बेत बंद पडला असता. चाली बांधायच्या तासाला मुद्रण हे फळ्याइतकंच गरजेचं साधन आहे. मूल वाजवतं तेव्हा ते ऐकत नसतं, करत असतं. स्वतःचं ऐकायची संधी त्याला नंतर द्यावी लागते.

पाच स्वरांचं कुंपण मोठ्या मुलांसाठी फार दिवस राहिलं. पाचव्या आठवड्यात ११ वर्षांच्या एका मुलाने काढून ठेवलेली नि ची पट्टी हळूच परत बसवली. ताईंनी रागावण्याऐवजी विचारलं की ती कुठे वापरणार आहेस. त्याने तार सा च्या अगदी आधी वापरली होती, म्हणजे जिथे तिची ओढ सर्वांत जास्त जाणवते नेमकी तिथे. त्याच दिवशी चार-पाच मोठ्या मुलांना म आणि नि परत द्यायला हवे होते. फक्त एकाला दिले, कारण बाकीच्यांनी मागितले नाहीत. मागण्याची वाट पाहणं ही मला इथे चूक वाटते. गुणी मूल सांगितलेल्या नियमात राहतं आणि कंटाळतं.

आठ वर्षांच्या मुलांकडून ‘दोनदा तसंच’ या अटीची अपेक्षा आठ मात्रांपुरती नको होती, चारपुरतीच हवी होती. त्यांतल्या दोघांना ती जाचली. त्यांचा शोधण्याचा काळ अजून संपला नव्हता आणि आम्ही त्यांना ठेवायला लावत होतो.

जोड्या मैत्रीवरून पडल्या होत्या. गळ्याने करणारा आणि वाद्यावर करणारा अशी जोडी असती तर बरं झालं असतं. गळ्याने केलेल्या चाली लवचीक असतात आणि श्वास संपेल तिथे थांबतात. वाद्यावरच्या चाली हात जाईल तिथे जातात. एकाच जोडीत दोन्ही असते तर हा फरक मुलांनाच दिसला असता.

‘कॉपी’ या शब्दाची तयारी आधीच करायला हवी होती. चार सोप्या धुना घेऊन त्यांच्यातलं उसनं काय आणि नवं काय हे शोधायचा खेळ दुसऱ्याच तासाला घेता आला असता, म्हणजे पुढे कुणाचंही उसनं सापडलं तरी तो आरोप झाला नसता.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट. वर्ष संपल्यावर तीन-चार मुलांनी आपापल्या चालीचं मुद्रण मागितलं. ती सगळी दादाच्या फोनमध्ये तारखांच्या नावाने पडलेली होती, आणि कुठली कुणाची ते ऐकल्याशिवाय कळत नव्हतं. दोन सापडल्या, बाकीच्या नाहीत. पुढच्या तुकडीसाठी ताईंनी नियम केला आहे की वाजवण्याआधी मुलाने स्वतःचं नाव आणि चालीला दिलेलं नाव मोठ्याने सांगायचं, आणि मुद्रण तिथूनच सुरू करायचं.